ती उसण नव्हती

मला स्वस्थ बसवत नाही. लहानपणापासूनच नाही. कुणी "जरा बस गो" म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. आता हे लिहायला बसलेय तरी टेबलाखाली उजवा पाय हलतोच आहे, शिलाई मशीन समोर नसतानाही. तेव्हा पायापासूनच सुरुवात करते, कारण सगळा घोळ माझ्या पायानंच घातला.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. माहेर शिवथरकडचं. भर पावसात, ओढ्याला पाणी चढलेलं असताना सुईणीनं मला कसं ओढून काढलं ते मी शंभरदा ऐकलंय. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, म्हणून वळवाचा गडगडाट सुरू झाला की मला घरात कोंडायचे आणि मी आतून दाराला लाथा मारायची. दुसरं असं म्हणतात की पायाळूचा पाय लागला की उसण जाते. पाठीत किंवा बरगडीत अचानक चमक भरते, धड वाकता येत नाही, श्वास घेता येत नाही, ती उसण. मी सात वर्षांची असल्यापासून मोठमोठे बाप्ये माझ्यापुढे पालथे पडायचे आणि मी दुखऱ्या जागी डावा पाय तीनदा टेकवायची.

लग्न होऊन पोलादपूरला आले तर माझी कीर्ती माझ्याआधी पोचलेली. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं हायवेभर सांगून ठेवलं होतं. एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं शिवणकामाचं दुकान आहे. आंबेनळी घाट उतरून आलेले ड्रायव्हर कंबर धरून दारात उभे राहायचे. "वैनी, उसण भरलीय, जरा पाय लावा." मी मशीन थांबवायची, चप्पल काढायची, पाय लावायची. त्या बदल्यात कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही, घेतला तर गुण जातो. माणूस हळूहळू सरळ होऊन "गेली बघा!" म्हणाला की मला काय वाटायचं ते खोटं कशाला सांगू? ब्लाउज कितीही चांगला बसला तरी तेवढं वाटायचं नाही.

माझी एकच मुलगी. ती नववीत असताना शाळेत नवे खेळाचे सर आले आणि त्यांनी सॉफ्टबॉल आणला. आमच्याकडे कबड्डी माहीत, खोखो माहीत. हे काय प्रकरण, कुणालाच ठाऊक नव्हतं. क्रिकेटसारखं वाटतं, पण नाही. चेंडू मोठा, पिवळा. तो टाकणारी पोरगी हात खांद्यातून अख्खा गोल फिरवते आणि कमरेखालून फेकते. तिला पिचर म्हणतात. सरांनी पहिल्या दिवशी सगळ्या पोरींना एकेक चेंडू टाकायला लावला. माझी पोर कैऱ्यांवर दगड मारत वाढलेली. तिचा चेंडू समोरच्या मुलीच्या हातमोज्यात असा काही जाऊन बसला की सर नुसतं म्हणाले, "परत टाक." झालं. त्या दिवसापासून ती पिचर. संघात नऊ मुली, राखीव चार, आणि पिचर ती एकटीच.

"आणखी एखादी तयार करा की सर," मी एकदा म्हटलं होतं.

"ताई, चेंडू खालून टाकायचा असतो. त्यानं हाताला काही होत नाही. खांदे जातात ते क्रिकेटवाल्यांचे."

सरांनाही कुणीतरी तसंच शिकवलं असणार. माणूस वाईट नव्हता. रविवारीसुद्धा सकाळी साडेसहाला मैदानावर हजर असायचा. आणि मी तरी कुठं दुसऱ्यांदा विचारलं?

दुकानाच्या मागच्या भिंतीवर पोरीनं कोळशानं एक चौकोन काढला. शाळेतून आली की चहा पिऊन त्या चौकोनात चेंडू मारत बसायची. पुढं माझं मशीन, मागं तिची धप् धप्. मला तो आवाज आवडायचा. माझ्यासारखीच आहे, हिला पण गप्प बसवत नाही, असं वाटून बरं वाटायचं. मध्येच आवाज थांबला की मी मशीनवरूनच ओरडायची, "काय गो, दमलीस इतक्यात?" आणि धप् धप् परत सुरू व्हायची. हे मला आता आठवतं तेव्हा अंगावर काटा येतो.

ती दहावीत गेली त्या वर्षी गणपतीनंतर आमच्या पोरी जिल्ह्याला जिंकल्या. पोलादपूरची शाळा जिल्ह्याला जिंकली म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? भाजीवाली मला "पिचरची आई" म्हणायला लागली. दिवाळीनंतर विभागीय सामने होते. तिथं चांगलं खेळलं तर दहावीला वाढीव गुण मिळतील, पुढं राज्याच्या निवडीला बोलावतील, असं सर म्हणाले. पोरगी त्या दिवसापासून रात्री चेंडू उशाशी घेऊन झोपायची.

नवरात्रात एका संध्याकाळी ती माझ्या कटिंगच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "आई, इथं टोचतंय." बोट ठेवलं ते गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या वरच्या अंगाला. मग तेच बोट खांद्याकडे नेलं.

"छातीत?" पंधरा वर्षांची पोर छातीत दुखतंय म्हणाली की आईच्या मनात काय काय येतं! धडधडतंय का? नाय. घाम फुटतो का? नाय. मोठा श्वास घेतला की टोचतं, आणि हात मागं नेला की खांद्याच्या आत काहीतरी ओढतं.

"मग उसण हाय गो ती," मी म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला. उसण म्हणजे माझ्या घरचा मामला. तिला सतरंजीवर पालथी निजवली आणि खवाट्यावर, खांद्यामागच्या हाडावर, डावा पाय तीनदा टेकवला. "गेली?"

ती उठली, हात हळूच फिरवून बघितला. "गेली."

दुसऱ्या दिवशी परत आली. परत पाय, परत "गेली." मग ते रोजचंच झालं. खेळून यायची, दप्तर टाकायची, सतरंजीवर पडायची. मी पाय लावायची, विचारायची, ती "गेली" म्हणायची आणि मागं भिंतीकडे जायची. सरांच्या कानावर गेलं तर ते हसून म्हणाले, "बरं आहे, घरचाच डॉक्टर."

बाकी गोष्टी दिसत नव्हत्या असं नाही. आंधळी नव्हते मी. दप्तर उजव्या खांद्यावरून डाव्यावर गेलं होतं. कूस बदलताना ती कण्हायची. एके सकाळी कंगवा घेऊन माझ्यापुढं बसली, "वेणी घाल ना." पाचवीपासून स्वतःची वेणी स्वतः घालणारी पोर! मी डाफरले, "जिल्हा जिंकलीस म्हणून आता वेण्या पण मीच घालायच्या काय? लय लाडावलीस." तिनं कंगवा डाव्या हातात घेतला आणि वाकडीतिकडी वेणी घालून निघून गेली.

विभागीय सामन्यांसाठी नवे शर्ट शिवायचं काम सरांनी मलाच दिलं. सगळ्या पोरींची मापं घेतली, शेवटी हिचं. टेप खांद्यावर ठेवली तर उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. मी तिच्या पाठीत चापट मारली. "ताठ उभी राहा."

"ताठच हाय मी."

परत मापलं. परत बोटभर खाली. "आणि आई, जुना शर्ट उजव्या मुंढ्यात धरतो. हात वर होत नाय." मुंढा म्हणजे बाही जिथं जोडतात ती जागा. मी काय केलं असेल? मुंढा अर्धा इंच सैल केला. वीस वर्षं हेच करत आलेय ना! अंगात फरक पडला की कापड उसवायचं, अंगाला काही विचारायचं नाही. माझ्या मापाच्या वहीत अजून ते पान आहे. तिच्या नावापुढं मीच लिहिलंय, "उजवा मुंढा सैल." माझ्या टेपला कळलं होतं, फक्त मला कळलं नाही.

सामन्याला चार दिवस राहिले तेव्हा मी शिवलेले शर्ट घेऊन शाळेच्या मैदानावर गेले. तिला खेळताना बघायची ती माझी पहिलीच वेळ. खरं सांगते, पहिलीच. दुकान सोडून कधी जाता येतंय? मी तिच्या मागच्या बाजूला उभी होते, तिला दिसत नव्हते. ती चेंडू टाकायची, हात गरकन फिरायचा, चेंडू सटकन जायचा, समोरची पोरगी हवेत बॅट फिरवायची. मला इतकं भारी वाटलं की ओरडावंसं वाटलं. मग बघितलं तर प्रत्येक चेंडूनंतर ती पाठ फिरवत होती आणि डाव्या हाताची बोटं गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात घुसवून दाबत होती. तोंड वाकडं व्हायचं. एक श्वास अर्धाच घ्यायची. मग तोंड सरळ करून परत सगळ्यांकडे वळायची.

सर माझ्याजवळ आले. "ताई, तुमच्या पायाचा गुण हो. नाहीतर ही पंधरा दिवसांपूर्वीच बसली असती."

ते कौतुकानं म्हणाले. माझ्या मात्र पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे तिला माझ्या पायानं उभं ठेवलं होतं. दुखणं जात नव्हतं, फक्त पोरगी बसत नव्हती. मी शर्टांची पिशवी सरांच्या हातात कोंबली आणि चालू खेळात सरळ मैदानात घुसले. पोरी बघतच राहिल्या.

"चल."

"कुठं?"

"महाडला. हाडाच्या डॉक्टरकडे."

"आई, सराव चाललाय!"

"चल म्हटलं ना!"

महाडच्या डॉक्टरांनी आधी हृदयाचा कागद काढला. तो चांगला होता. मग खांद्याचा आणि छातीचा फोटो काढला. तो उजेडाला धरून त्यांनी पेनाच्या टोकानं वरची पहिली बरगडी दाखवली. केसाएवढी रेघ होती. आधी मला दिसलीच नाही आणि दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"दिवसाला किती चेंडू टाकतेस?" त्यांनी विचारलं.

"मोजत नाय."

"अंदाजे?"

"सकाळी दीडशे-दोनशे. संध्याकाळी भिंतीवर." ती थांबली. "आई बस म्हणेपर्यंत."

मी बस कधी म्हटलंच नव्हतं.

डॉक्टर शांतपणे सांगत होते. हात गोल फिरतो तेव्हा मानेचे, छातीचे स्नायू दर वेळी या बरगडीला हिसका देतात. वाढत्या वयातलं हाड, किती हिसके सोसणार? चेंडू खालून टाकला काय नि वरून टाकला काय, खांदा तोच, बरगडी तीच. असंच चालू राहिलं असतं तर हाड पुरतं मोडलं असतं, आणि हाताकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "महिनाभर दुखतंय म्हणते. काय केलंत?"

"पाय लावला," मी म्हटलं. "मी पायाळू हाय." महाडातल्या डॉक्टरपुढं माझी भाषा एरवी नीट असते, त्या दिवशी घरचीच निघाली.

ते हसले नाहीत. हसले असते तर मी भांडले असते, बरं झालं असतं. त्यांनी पोरीला विचारलं, "आईनं पाय लावल्यावर बरं वाटायचं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. "एकदा पण नाय."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, हात गळ्यातल्या झोळीत. मला गप्प बसवेना. "मग रोज 'गेली, गेली' कशाला म्हणत होतीस?"

"नाय म्हटलं असतं तर तू परत पाय लावला असतास. आणखी जोरात."

"मग सांगायचं ना, आई, दुखतंय!"

"सांगितलं असतं तर तू चिडली असतीस." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आता पण चिडलीच हायस."

पुढच्या सीटवरची बाई मान वळवून बघायला लागली, कारण मी खरंच ओरडत होते. मी तोंड मिटलं. पोलादपूर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि आयुष्यात एवढा वेळ मी जागेपणी कधी गप्प राहिले नसेन. ड्रायव्हर मला "गेली बघा" म्हणायचे, त्यातले किती खरं बोलले असतील आणि किती जणांनी नुसतं माझं तोंड बघून म्हटलं असेल, हेच डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरांनी तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. सामना चार दिवसांवर. सर घरी आले. बिचारे उभेच राहिले, बसले नाहीत. "ताई, एकच मॅच. दुखण्याची गोळी देऊन निदान पहिले दोन डाव. दुसरी पिचरच नाही हो माझ्याकडे." नवऱ्याचा फोन आला, तोही म्हणाला, "एकाच दिवसाचा प्रश्न हाय ना? पोरीचं वर्ष हाय." मी दोघांनाही नाही म्हटलं. पण आतून माझं धड ठरलेलं नव्हतं. मलाही ती मॅच हवी होती. तिच्याइतकीच हवी होती, आणि त्याची मला लाज वाटत होती.

सामन्याच्या पहाटे मी उठले तर ती अंघोळ करून, नवा शर्ट घालून तयार. झोळी कॉटवर काढून ठेवलेली. सतरंजी तिनंच अंथरली होती. "आई, एकदाच लाव. आज खरंच जाईल. मग मी जाते, बस नवाला हाय."

मी चप्पल काढली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, सरांनाही नाही. मी चप्पल काढून डावा पाय उचलला. ती पालथी पडली होती. माझा पाय अजून तिला लागलाही नव्हता, तरी तिनं दात आवळून घेतले आणि शर्टाचं टोक मुठीत धरलं. महिनाभर ती रोज असंच करत असणार, आणि मी रोज वरून फक्त पाठ बघत होते. मी पाय खाली घेतला, चप्पल घातली.

"लाव ना!"

"नाय लावत. तुला नाय, कुणालाच नाय. ऊठ."

ती उठली आणि तिनं असा काही हंबरडा फोडला की शेजारची बाई धावत आली. मी दारात आडवी उभी राहिले. नऊ वाजून गेले, बस गेली. मला तिचा राग येत होता, सरांचा येत होता, माझ्या आईचा येत होता, जिनं मला पायाळू जन्माला घातलं. संध्याकाळी सरांचा फोन आला. चेंडू झेलणाऱ्या मुलीला पिचर केलं होतं. पहिल्याच सामन्यात हरले.

पुढं बारा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मागची धप् धप् बंद. त्या शांततेनं मला वेड लागायची पाळी आली. बाह्या उलट्या जोडल्या, बटणं चुकीच्या बाजूला लावली. दर अर्ध्या तासानं उठून मागं जायची आणि भिंतीवरचा चौकोन बघून परत यायची. ड्रायव्हर येत राहिले. मी म्हणायची, "डॉक्टरकडे जा." एक जण रागावला, "वैनी, कवाधरनं तुमच्याकडं येतोय, आजच काय झालं?" मी त्याला म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ, खरं सांग, मागच्या वेळी गेलेली का?" तो डोकं खाजवायला लागला. "आता... चार दिवसांनी गेली."

बोलायला तिनंच सुरुवात केली, तीही वेणीवरून. कंगवा घेऊन पुढ्यात बसली. मी वेणी घातली आणि जन्मात पहिल्यांदा घाई केली नाही.

तीन महिने झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. रेघ भरत आली होती. दिवसाला दहा चेंडू, एकही जास्त नाही, आणि जरा जरी दुखलं तरी तिथंच थांबायचं, असं त्यांनी सांगितलं. पिचर म्हणून परत उभी राहील का, विचारलं तर म्हणाले, ते आता ती काय सांगते त्यावर आहे. फोटोत काय दिसतं त्यापेक्षा तिनं खरं सांगणं महत्त्वाचं.

हेच तर अवघड होतं. संध्याकाळी मी दुकान सोडून मागं उभी राहायची आणि मोठ्यानं मोजायची. एक. दोन. तीन. दहा झाले की विचारायची, "दुखलं?" ती म्हणायची, "नाय." पहिल्या दिवशी नाय, दुसऱ्या दिवशी नाय, आठवडाभर नाय. तिचं ते नाय मला पटायचं नाही, कारण तोच आवाज, तेच तोंड, "गेली" म्हणतानाचं. मी गळ्यातली टेप काढून तिचे दोन्ही खांदे मापायची. ती मापू द्यायची.

आठव्या दिवशी मी सात म्हटलं. चेंडू चौकोनात बरोबर मध्यभागी बसला, घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो तिच्याकडे टाकला. तिनं तो झेलला, पण हात फिरवला नाही. चेंडू छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "आई, दुखतंय."

बातमी वाईटच होती. कदाचित आणखी तीन महिने, कदाचित पिचर कधीच नाही. मला ते सगळं कळत होतं. तरी मला इतका आनंद झाला, इतका, की जिल्हा जिंकली तेव्हाही झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना.

"चिडलीस?" तिनं घाबरत विचारलं.

"नाय गो बाय," मी म्हटलं. "बस."

तो शब्द मी त्या भिंतीपाशी पहिल्यांदा म्हणत होते. तिच्या हातातला चेंडू घेतला आणि तिला घरात नेलं. तीन चेंडू उरले होते, ते आम्ही टाकले नाहीत.